दुर्बिणीत न मावलेलं डुक्कर

रानडुकराला भौगोलिक मानांकन कळत नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला ते 2016 साली मिळालं. 2021 साली या चिकूची खेप इंग्लंडला रवाना झाली. बोर्डीला चिकूच्या नावानं महोत्सव भरतो, त्यात चिकूच्या लोणच्यापासून चिकूच्या वाइनपर्यंत सगळं मिळतं. डुकराला यातलं काही ठाऊक नसतं. तरीही रात्री अकराच्या सुमारास वाडीत शिरून कालीपत्तीच्या कुठल्या झाडाखालचं फळ आज पिकलंय आणि कुठलं उद्या पिकेल, हे ते वासावर जितकं अचूक ओळखतं, तितकं वाशी मार्केटचा दलालही ओळखत नाही. फरक एवढाच, की दलाल पैसे देतो. उशिरा का होईना, देतो.

प्रस्तुत लेखकाच्या मेहुण्याची घोलवडला चिकूची वाडी आहे. मेहुणा मुळात शांत माणूस. डुकरांनी चिकू खाल्ला, तो गप्प बसला. डुकरांनी सुरणाची लागवड उकरली, तो म्हणाला, ‘त्यांनाही पोटं आहेत.’ पण एका सकाळी ठिबकच्या नळ्या उकरून, चावून, वाडीभर पसरलेल्या दिसल्या. त्या नळ्यांचे हप्ते अजून फिटायचे होते. भूतदयेची मर्यादा साधारणपणे हप्त्यापाशी येऊन संपते. त्याच दिवशी त्यानं फोन केला.

‘भावोजी, मी रायफल घेतोय. शिकारीची. वर स्कोप.’

‘बजेट?’

‘पंधरा हजार. स्कोपसकट.’

प्रस्तुत लेखकानं जन्मात बंदूक हातात धरलेली नव्हती. जत्रेत फुगे फोडताना त्याचा नेम फुगेवाल्याच्या डब्याला लागला होता. पण मराठी माणसाला सल्ला विचारला आणि त्यानं ‘मला यातलं कळत नाही’ असं उत्तर दिलं, असं आजवर ऐकिवात नाही. ‘घाई करू नकोस,’ तो म्हणाला, ‘आधी अभ्यास करू.’

अभ्यास सुरू झाल्याची बातमी घोलवडपासून उंबरगावपर्यंत पोचली आणि तज्ज्ञ जमू लागले. बोर्डीचे एक काका आले. त्यांनी बारा बोरचा आग्रह धरला, कारण त्यांच्या वडिलांकडे बारा बोर होती. ती कधी झाडली का, असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘दसऱ्याला पूजा व्हायची.’ पोलिसातून निवृत्त झालेले एक शेजारी ‘थ्री-नॉट-थ्री’शिवाय दुसरं नाव घेईनात. बोरिवलीहून आलेला इंजिनिअरिंगचा भाचा तर थेट ‘सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर’वर आला. क्रीडमूर हे काडतुसाचं नाव आहे, हे कळायलाच घरात अर्धी संध्याकाळ गेली. सासूबाईंना ते परदेशी कुत्र्याच्या जातीचं नाव वाटलं आणि त्यांनी त्याला मनापासून पाठिंबा दिला.

भाच्याचा सगळा अभ्यास अमेरिकन व्हिडिओंवर झालेला. तिथला दाढीवाला गृहस्थ चार-पाचशे डॉलरच्या रायफलीला ‘बजेट रायफल’ म्हणतो. जिथे पाव आणि दूध मिळतं, त्याच दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ती मिळते. एक फॉर्म, एक चौकशी, आणि माणूस रायफल घेऊन बाहेर. मग तो डोंगरावर जातो आणि तीनशे यार्डांवरच्या हरणाकडे बघत स्कोपच्या काचेवरच्या लेपाबद्दल बोलतो. हे बघून मेहुण्यानं वहीत लिहिलं : ‘300 यार्ड. काचेला लेप हवा.’ त्याची वाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनशे यार्ड नाही. तीनशे यार्डांवर शेजाऱ्याची विहीर लागते, आणि शेजाऱ्याशी आधीच बांधावरून दावा चालू आहे.

या अभ्यासात एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. भारतात शिकारीला बंदी आहे. ही बंदी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे, आणि नुसतं मारणं म्हणजेच शिकार असंही तो म्हणत नाही. पकडणं, फासा लावणं, विष घालणं, जखमी करणं, इतकंच काय पण यातल्या कशाचा प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच मोडतं. या व्याख्येनुसार मेहुण्याचा भाचा तेवढा कायद्याच्या कक्षेबाहेर होता, कारण त्याच्याकडून प्रयत्न होण्याचीही शक्यता नव्हती.

अर्थात पळवाट म्हणा, दार म्हणा, एक आहे. कायद्याच्या अकराव्या कलमात तशी तरतूद आहे : उभ्या पिकाला धोका ठरलेल्या ठरावीक प्राण्यांच्या बाबतीत वनखात्याचा अधिकार असलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर त्यात बसतं. मेहुण्याचा चेहरा उजळला. मग प्रस्तुत लेखकानं त्याला एकोणचाळिसावं कलम वाचून दाखवलं. अशा परवानगीनं मारलेला प्राणी ही सरकारची मालमत्ता असते.

‘म्हणजे चिकू माझा, बंदूक माझी, काडतूस माझं, आणि डुक्कर सरकारचं?’

‘बरोबर.’

‘आणि जिवंत असताना कोणाचं?’

‘जिवंत असताना ते तुझ्या वाडीतलं.’

वटवाघळांचं काय, असंही त्यानं विचारून घेतलं, कारण चिकूवर त्यांचाही डोळा असतो. पूर्वी फळं खाणारी वटवाघळं, कावळे, उंदीर आणि घुशी यांची उपद्रवी प्राणी म्हणून वेगळी यादी होती. 2022 च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली. मेहुणा यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘यादीत आता फक्त शेतकरी राहिला वाटतं.’

पुढचा विषय परवान्याचा. बंदुकीचा परवाना डहाणूत मिळत नाही. तो जिल्हाधिकाऱ्यांकडून, म्हणजे पालघरहून. जुने लोक सांगतात, 1 ऑगस्ट 2014 च्या आधी यासाठी ठाण्याला जावं लागायचं. जिल्हा वेगळा झाला आणि डहाणूकरांचा ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे ऐकण्याचा प्रवास पुष्कळ कमी झाला.

परवान्यासाठी ए-1 नमुन्यातला अर्ज, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, बंदूक सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था, पोलिसांची चौकशी, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि शरीरानं नि मनानं धडधाकट असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र, एवढं लागतं. त्यातला शेवटचा कागद वरवर सोपा वाटतो.

‘बंदूक कशासाठी हवीय?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘डुकरांसाठी.’

‘डुकरं दिसतात का?’

‘दिसत नाहीत. पण येतात.’

‘केव्हा येतात?’

‘रात्री. सगळे झोपल्यावर.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘झोप कशी लागते?’

‘झोपच लागत नाही, म्हणून तर बंदूक हवीय.’

प्रमाणपत्र मिळायला जरा वेळ लागला.

पण खरी गंमत शस्त्र कायद्यात आहे. 1959 च्या त्या कायद्याचं तेरावं कलम पिकाच्या रक्षणाचा स्पष्ट उल्लेख करतं, आणि त्यासाठी शेतकऱ्याला कुठलं हत्यार सुचवतं? ठासणीची बंदूक. तेवढ्यानं भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, तीही नळी किमान 20 इंच लांब असलेली. रायफलीच्या नळीत आतून पीळ असलेल्या खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. पिकासाठी म्हणून कायद्यानं जी वाट खुली ठेवली, त्यात हा पीळच बसत नाही.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे बोर्डीच्या काकांनी अंगणात उभं राहून करून दाखवलं. आधी नळीच्या तोंडातून दारू ओतायची. मग बोळा. मग गजानं ठासायचं. मग छर्रे. पुन्हा बोळा, पुन्हा ठासायचं. मग मागच्या बाजूला टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि नेम धरायचा. हे सगळं अंधारात, एका हातात बॅटरी धरून.

‘आणि डुक्कर तोवर काय करतं?’ भाच्यानं विचारलं.

‘पूर्वीची डुकरं थांबायची,’ काका म्हणाले.

या बंदुकीवर स्कोप बसवायला जागाच नसते, असं कळल्यावर मेहुण्याला तिच्यात काही राम वाटेना. एव्हाना डुक्कर मागे पडलं होतं आणि स्कोप पुढे आला होता. हौशीच्या खरेदीत हे हटकून होतं. माणूस फिरायला जाण्यासाठी बूट घेतो आणि मग बूट वापरून व्हावेत म्हणून कुठे जावं याचा शोध घेत बसतो.

मग शेजाऱ्यांच्या थ्री-नॉट-थ्रीचा विचार झाला. ती सामान्य माणसाला निषिद्ध. ही बंदी इंग्रजांची आठवण आहे. लष्कराचं काडतूस लोकांच्या हाती नको, म्हणून त्यांनी नागरी वापरासाठी वेगळ्या मापाचं काडतूस चालू ठेवलं. त्यातूनच आपल्याकडची ‘तीनशे पंधरा’ आली. पश्चिम बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात ती रायफल अनेक दशकं बनली, आणि तिची ठेवण थेट ली-एनफील्डच्या घराण्यातली. म्हणजे ज्या रायफलीला बंदी, तिचीच धाकटी बहीण परवान्यावर. साम्राज्य गेलं, पण काडतुसाच्या मापातला संशय अजून तसाच आहे. 2021 च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळाच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. पाटी बदलली, तीनशे पंधरा तीच राहिली. तिच्यावर उघडी साधी नेमपट्टी असते. स्कोप हवा असेल तर कारागिराकडून पाया बसवून घ्यावा लागतो.

परदेशी रायफल आणावी म्हटलं, तर 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला ती आयात करता येत नाही. त्यामुळे त्याआधी देशात आलेल्या जुन्या विलायती बंदुका हातोहात फिरतात, आणि दर फेरीला किंमत वाढते. अशा एका रायफलीची किंमत ऐकून मेहुण्यानं हिशेब केला. तेवढ्या पैशांत गावातल्या सगळ्या डुकरांना दोन्ही वेळ जेवण घालता आलं असतं, वर श्रावणात गोडाचं.

आणि समजा, सगळं जमलं. परवाना आला, बंदूक आली. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षं चालतो, ही त्यातली चांगली बातमी. पण निवडणूक लागली, की परवानाधारकांना हत्यार जमा करण्याच्या नोटिसा निघू लागतात. 2024 साली पालघर जिल्ह्यात लोकसभेसाठी 20 मे रोजी आणि विधानसभेसाठी 20 नोव्हेंबर रोजी मतदान झालं. म्हणजे वर्षातून दोनदा बंदुकीनं पोलिस ठाण्यात मुक्काम करायचा, आणि डुकरांनी आचारसंहिता पाळायची.

एवढा अभ्यास झाल्यावर मेहुण्यानं निर्णय घेतला. ‘एअर रायफल.’

छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. अट एवढीच, की माप 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठं नको आणि नळीतून बाहेर पडणाऱ्या छऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या वर जायला नको. वीस ज्यूल म्हणजे किती, तर शिकारीच्या ‘थर्टी-ओ-सिक्स’ची गोळी साडेतीन हजार ज्यूलच्या वर जाते. एअर रायफलीचा छर्रा असतो जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. वयात आलेल्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली इतका जाड, चिवट थर असतो, की दुसऱ्या नराचे सुळेही तिथे अडतात. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्यानं त्याला फार तर माशी बसल्यासारखं वाटेल, आणि कायद्याच्या नजरेत तो शिकारीचा प्रयत्न ठरेल तो ठरेलच.

‘मग काय करणार तिचं?’ प्रस्तुत लेखकानं विचारलं.

‘आवाज तर होईल,’ मेहुणा म्हणाला. आणि जरा थांबून, ‘आणि स्कोप लागतो तिला.’

खरेदीसाठी दोघं दक्षिण मुंबईतल्या एका दुकानात गेले. दुकानदार म्हातारे आणि शांत. वापर कशासाठी, असं त्यांनी विचारलं आणि मेहुण्यानं खरं ते सांगितलं.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘ही डब्यावर मारायची वस्तू आहे. डुक्कर म्हणजे डबा नाही.’

‘नाही, नाही. डब्यावरच मारणार. डुक्कर फक्त बघणार.’

‘मग घ्या,’ ते म्हणाले, आणि त्यांनी स्कोपची पेटी पुढे सरकवली.

रायफल दहा मिनिटांत घेऊन झाली. स्कोपला मात्र वेळ लागला. ‘चार बाय बत्तीस’ की ‘तीन-नऊ बाय चाळीस’? पहिल्या आकड्यानं वस्तू किती पट मोठी दिसते ते कळतं, दुसऱ्यानं पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. चार बाय बत्तीस स्वस्त, हलका, आणि छऱ्याच्या बंदुकीला पुरून उरणारा. पण त्यात चारच. दुसऱ्यात तीनपासून नऊपर्यंत. नऊ पट मोठं दिसण्याची सोय असताना चार पटीवर समाधान मानणारा गिऱ्हाईक अजून जन्माला यायचाय. शिवाय तीन-नऊच्या आत हिरवा आणि लाल दिवा लागत होता. दिवाळीला कंदील घेतानाही आपण आधी दिवाच लावून बघतो, तिथे हा तर स्कोप. मेहुण्यानं तीन-नऊ उचलला, आणि पंधरा हजारांच्या बजेटनं दुकानातच मान टाकली.

परतीचा प्रवास डहाणू लोकलनं. 2013 पासून ही लोकल चर्चगेटहून थेट डहाणू रोडपर्यंत येते, आणि तिच्यात लांबुळकं खोकं घेऊन शिरलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही. अंदाज तेवढे बांधतात. अंधेरीपर्यंत ते पडद्याचे दांडे होते. विरारनंतर एका आजोबांनी मासेमारीचा गळ ठरवून टाकला आणि बोय कुठे मिळते ते सांगायला सुरुवात केली. पालघरला चढलेल्या एका बाईंनी खोक्यावरचं चित्र बघितलं आणि आपल्या मुलाला खिडकीच्या बाजूला बसवलं. मेहुणा तेव्हापासून बिल हातात धरून बसला, अगदी बोट ठेवून.

आता बसवणी. एअर रायफलीच्या पाठीवर 11 मिलिमीटरची खाच असते. स्कोपबरोबर आलेल्या कड्या होत्या मोठ्या रायफलीच्या रुंद पट्टीसाठीच्या. हे खोकं फोडल्यावर, घरी, रविवारी संध्याकाळी कळलं. दुसऱ्या कड्या मागवाव्या लागल्या, त्यांच्या स्क्रूंना वेगळा पाना लागला, आणि पाना मिळेपर्यंत स्कोपचा उपयोग सासूबाई समोरच्या रस्त्यावरून कोण गेलं ते बघायला करत होत्या. त्यांचं मत पहिल्याच दिवशी चांगलं झालं. ‘वस्तू छान आहे. पाटलांची सून माहेरहून आली.’

नेम बसवण्याचं काम प्रस्तुत लेखकाकडे आलं, कारण त्यानं त्याबद्दल वाचलेलं होतं. चिकूची झाडं दहा-दहा मीटरवर लावतात, त्यामुळे वाडीत अंतर मोजायला टेप लागत नाही. अडीच झाडं म्हणजे पंचवीस मीटर. तिथे मातीच्या ढिगाला टेकवून चिकूचं रिकामं खोकं ठेवलं. पहिला छर्रा खोक्याच्या उजवीकडून गेला. स्कोपच्या बाजूला एक बटण असतं, ते फिरवलं की खट्‌ खट्‌ वाजतं आणि नेम सरकतो. मेहुण्यानं मोठ्या भक्तीनं चार खटके फिरवले आणि पुन्हा झाडलं. छर्रा त्याच जागी.

गोम अशी, की एका खटक्याला पाव इंच हे गणित शंभर यार्डांचं आहे. पंचवीस यार्डांवर तोच खटका पाव इंचाचा चौथा हिस्सा सरकतो. एक इंच सरकवायचा तर सोळा खटके. हे समजावून सांगितल्यावर मेहुण्यानं इतक्या उत्साहानं बटण फिरवलं, की पुढचा छर्रा खोक्याच्या डावीकडून गेला. संध्याकाळपर्यंत खोक्याच्या चारही बाजूंची माती चाळणी झाली होती. खोकं शाबूत. त्यातून पुढच्या आठवड्यात चिकू बाजारात गेला.

तेवढ्यात स्कोपच्या आत काहीतरी खुळखुळू लागलं. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का विचित्र असतो. स्प्रिंग सुटताना बंदूक मागे जाते, आणि पुढे जाऊन आपटताना तीच पुढे झेपावते. दोन्हीकडून बसणारा हा झटका भल्याभल्या मोठ्या रायफलींसाठी बनवलेल्या स्कोपांनाही सोसत नाही. एअर रायफलीसाठी मुद्दाम मजबूत केलेले स्कोप निराळे असतात. त्यांत दिवा असेलच असं नाही, त्यामुळे दुकानात त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

तरीही रात्र ठरली. परवानगीशिवाय डुकरावर चाप ओढायचा नाही, बंदुकीत छर्रा घालायचा नाही, नुसतं निरीक्षण करायचं, अशी शपथ सासूबाईंनी सगळ्यांकडून घेतली. मेहुणा माळ्यावर बसला. डास चावू नयेत म्हणून अंगाला मलम, खाली कासवछाप उदबत्ती, आणि झोप येऊ नये म्हणून थर्मासमध्ये आल्याचा चहा. स्कोप नऊवर लावलेला.

अंधारात नऊ पट हा आकडा शहाणपणाचा नसतो. पुढच्या काचेच्या 40 मिलिमीटरला 9 नं भागलं, की डोळ्यात येणारा उजेडाचा झोत जेमतेम साडेचार मिलिमीटरचा उरतो. तीनवर ठेवलं तर तोच तेराचा होतो. म्हणजे आकडा जितका मोठा, तितका काळोख गडद. मेहुण्याला रात्रभर वाडीचा काळोख नऊ पट मोठा दिसला.

पहाटे चंद्र वर आला तेव्हा डुक्कर आलं. फार जवळ आलं. वीस यार्डांवर नऊ पटीच्या स्कोपात मोजून अडीच-तीन फूट जागा दिसते, आणि वाढलेलं डुक्कर त्याहून लांब असतं. मेहुण्याला आधी केस दिसले. मग आणखी केस. मग थोडी माती, पुन्हा केस. तोंड कुठल्या बाजूला आहे हे शोधता शोधता त्यानं डुकराची पाठ दोनदा वाचून काढली. शेवटी त्यानं स्कोपवरचा डोळा काढून नुसतं बघितलं, तर पाच डुकरं आणि पिलावळ आरामात चिकू खात होती. त्यातलं एक माळ्याकडे तोंड करून उभं होतं आणि त्याला स्कोपची गरज भासत नव्हती.

तलासरीकडच्या एका भातशेतकऱ्याला ही हकीकत सांगितली, तेव्हा तो हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, ‘वारा कुठून होता?’ वाऱ्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. ‘डुक्कर नाकानं बघतो,’ तो म्हणाला. ‘तुमचं मलम, तुमची उदबत्ती, तुमचा चहा, सगळं त्याला बांधावरच कळलं. आणि तरी आला, म्हणजे तुम्ही काही करणार नाही हेही कळलं.’ त्याच्या स्वतःच्या शेताभोवती जुन्या साड्या बांधलेल्या होत्या, लाल, पिवळ्या, एक जरीची. दर चार रात्रींनी तो त्यांची जागा बदलतो, कारण एकाच जागी राहिलेल्या साडीला डुक्कर घरचंच समजू लागतं. जोडीला पत्र्याचा डबा, शेकोटी आणि आळीपाळीनं जागणारे शेजारी.

याच तलासरी तालुक्यातल्या धामणगावात जिव्या सोमा म्हसे जन्मले आणि पुढे डहाणूच्या गंजाडला राहून त्यांनी वारली चित्रकला जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रांतले शिकारी आठवून बघा. हातात धनुष्यबाण, अंगानं दोन त्रिकोण, आणि नजर समोर. नजर आणि जनावर यांच्यामध्ये कुठलंच यंत्र नसतं. फार लांब कशाला, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलीत कांस्यपदक जिंकलं, तेही दुर्बिणीविना. त्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. बारीक भोकातून बघायचं, आणि 50 मीटरवरच्या 10.4 मिलिमीटरच्या वर्तुळात गोळी घालायची. मेहुण्याला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘त्याच्याकडे डुक्कर नव्हतं.’ हे मात्र खरं.

शेवटी वाडीला झटका मशीन बसलं. बॅटरीवर चालणारं, सौर पट्टीचं, तारेत क्षणभराचा हलका झटका सोडणारं. पहिला झटका मेहुण्याला बसला, दुसरा भाच्याला, तिसरा बोर्डीच्या काकांना, कारण त्यांना ते चालू आहे की नाही ते बघायचं होतं. डुकरांना त्यानंतर बसला. त्यांची ये-जा कमी झाली, थांबली नाही. रायफल कपाटात गेली. स्कोप सासूबाईंकडे.

तेव्हा वाडीसाठी पहिली बंदूक घ्यायच्या विचारात असलेल्या वाचकांनी क्रम असा ठेवावा. आधी नुकसानीचे फोटो आणि वनखात्याकडे मुदतीत अर्ज, म्हणजे पंचनामा होतो आणि भरपाई मागता येते. मग कुंपण. झटका मशीन घ्यावं, पण घरातली वीज थेट तारेत कधीही सोडू नये; तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात. त्यानंतरही बंदूक हवीच असेल, तर आधी पालघरचा परवाना आणि वनखात्याची लेखी परवानगी, मग बंदूक. आणि एवढं सगळं वाचूनही ज्यांना एअर रायफलीवर स्कोपच हवा आहे, त्यांनी खाचेचं माप 11 मिलिमीटर आहे का ते दुकानातच बघावं, खोक्यावर ‘एअर रायफलसाठी’ असं छापलेलं असल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि चार बाय बत्तीस घ्यावा.